सोऱ्यातल्या गोळ्या

चूक माझी होती, हे आधीच लिहून टाकतो. नंतर लिहीन म्हटलं तर कारणांच्या गर्दीत ते कुठेतरी दडवून देईन, माझा तसा स्वभाव आहे. माझ्या धाकट्या बहिणीच्या थुंकीत आता क्षयाचे जंतू सापडत नाहीत, असा दवाखान्याचा कागद मागच्या वर्षी मार्च महिन्यात माझ्या हाती आला. तो मी तिला दाखवला नाही. बायकोलाही दाखवला नाही. घरटॅक्सच्या पावत्या आणि रेशन कार्ड ज्या फाइलीत असतात, तिच्यात तो लावला आणि कपाट बंद केलं. मी अमरावतीच्या एका शाळेत लिपिक आहे. कागद जागच्या जागी लावण्यात मी कधी चुकत नाही.

बहीण अकोल्याला दिलेली. आई तिला लहानपणापासून 'बाई' म्हणायची, म्हणून आम्हा सगळ्यांची ती बाईच झाली. मूलबाळ नाही. खोकला सुरू झाला तेव्हा आधी साधा टीबी समजून औषध दिलं, मग कळलं की नेहमीची औषधं तिच्या जंतूंना लागूच पडत नाहीत. दीड वर्षाहून लांबचा कोर्स निघाला. नवऱ्यानं दिवाळीनंतर तिला माझ्या दारात आणून सोडलं, अर्धा चहा कपात ठेवून "बरी झाली की घेऊन जातो" म्हणाला आणि परतीची बस पकडली. पहिल्या महिन्यात त्याचा फोन दर रविवारी यायचा. पुढे सणावारी येऊ लागला.

तिला गच्चीवरची खोली दिली. दोन खिडक्या, वारा भरपूर. तोवर ते बरोबरच होतं, डॉक्टरांनीही तसंच सांगितलं होतं. बायकोनं तिचं ताट, वाटी, पेला वेगळा काढला आणि खालच्या भांड्यांत मिसळू नये म्हणून प्रत्येकाच्या काठाला नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला. लावताना तिला रडू येत होतं. बाईनं ताट हातात घेऊन निरखलं आणि म्हणाली, "वा वैनी, माह्या ताटाले तं टिकली लावली तुमी. आता हळदीकुंकवाले ताटालेच पाठवा." बायको रडता रडता हसली. बाईची जीभ अशी होती. आजारानं अर्धी झाली होती, पण जीभ शाबूत होती.

या आजारात गोळी रोज कोणाच्या तरी डोळ्यांदेखत गिळायची असते. त्या माणसाचं नाव दवाखान्यात लिहून घेतात. मी माझं नाव दिलं, सही केली. मला चौकटींचं एक कार्ड मिळालं. रोज सकाळी शाळेत जायच्या आधी मी वर जायचो, ती मूठभर गोळ्या एकेक करून गिळायची, मी चौकटीत खूण करायचो. "दादा, मास्तरावानी उभा नोको राहू," ती म्हणायची, "नापास होईन मी." मग अर्धा तास मळमळ. कधी उलटी. मी तिची पाठ चोळत बसायचो आणि शाळेत उशिरा पोचायचो. त्या चार महिन्यांबद्दल मला आज लाज वाटत नाही. तेवढेच चार महिने.

मार्चमध्ये महिन्याच्या गोळ्या आणायला मी एकटाच गेलो होतो. उन्हं तापली होती, तिला नेलं नाही. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टर मॅडमनी तो कागद माझ्यापुढे सरकवला. लागोपाठ दुसऱ्यांदा जंतू वाढले नाहीत, म्हणाल्या. आता तिच्यापासून घरच्यांना धोका नाही, तिला खाली आणा, सगळ्यांत बसू द्या. आणखी एक गोष्ट त्यांनी पेन बाजूला ठेवून सांगितली. या गोळ्यांतली एक गोळी मनावरही दाब आणते, माणूस आतून खचतो. तिला एकटं ठेवू नका. मी मान डोलावली.

त्याच आठवड्यात माझ्या मुलीला पाहायला चांदूर बाजारचे पाहुणे येणार होते. मुलगी एकुलती, स्थळ चांगलं. आत्या खाली आली तर त्यांच्यापुढे वावरणार, आणि ती कातडी कोणाच्याही नजरेत भरणार. त्या गोळ्यांनी तिचा गोरा रंग जळक्या तांब्यासारखा झाला होता. कोणी विचारलं असतं तर बाई खोटं बोलली नसती, दवाखान्याचं नाव सांगून मोकळी झाली असती. गल्लीत मी आधीच सांगून ठेवलं होतं की तिला कावीळ होऊन गेली, अशक्तपणा आहे. म्हटलं, पाहुणे येऊन जाऊ दे, मग सांगू. पाहुणे येऊन गेले. म्हटलं, होकार येऊ दे. होकारासारखं काहीतरी आलं. मग म्हटलं, कुंकू लागू दे.

या दिवसांत एक गोष्ट घडली आणि तिच्याकडे माझंही नीट लक्ष नव्हतं. मला बाईसमोर उभं राहवेना. तिच्याकडे पाहिलं की फाइल आठवायची. म्हणून मी गोळ्या ताटासोबत जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवू लागलो, "घे वो बाई" म्हणून हाक द्यायचो आणि खाली येऊन कार्डावर खूण करायचो. एकही चौकट कोरी नव्हती. दवाखान्यात मॅडम ते कार्ड पाहून खूश व्हायच्या.

एप्रिलच्या मध्याला गल्लीत कुरड्या सुरू झाल्या. आमच्याकडे हे काम कोणी एकटीनं करत नाही, सावडीनं होतं. आज हिच्या अंगणात, उद्या तिच्या. गहू तीन दिवस भिजवून वाटायचा, पहाटे चीक शिजवायचा आणि ऊन चढायच्या आत सोऱ्यानं खाटेवर कुरड्या पाडायच्या. चीक बाईनंच हाटायचा, हे तिच्या लग्नाच्या आधीपासून ठरलेलं. तिच्या हातानं गाठ राहत नसे. तिचा स्वतःचा जाड पितळी सोऱ्या होता, आईनं दिलेला. अकोल्याहून निघताना तिनं कपडे कमी आणले होते, पण ट्रंकेत तो सोऱ्या होता.

समोरच्या काकू संध्याकाळी फाटकाशी आल्या. बाईले उद्या पाठवता का, म्हणाल्या, चीक बसला आमचा मागच्या वर्षी, तिच्याशिवाय जमत नाही. मी सांगितलं, डॉक्टरनं अजून चार महिने लोकांत जायला मनाई केली आहे. हे मी अंगणात उभा राहून, नेहमीच्या आवाजात सांगितलं. वरची खिडकी उघडी होती.

ताट ठेवायला गेलो तेव्हा ती दारातच उभी होती. तिनं केस विंचरले होते. कित्येक दिवसांनी. तिच्यामागे खिडकीत तो सोऱ्या धुऊन पालथा घातलेला होता.

"अजून चार महिने सांगतले, दादा? मंजे जंतू हायेतच अजून?"

मी म्हणालो, "हो."

एवढंच. आयुष्यात मी बरंच खोटं बोललो असेन, पण इतकं लहान आणि इतकं पुरेसं दुसरं आठवत नाही. ती "बरं" म्हणाली आणि ताट उचललं. दुसऱ्या दिवशी पहाटे समोरून शिजत्या चिकाचा वास आला, बायकांचा कालवा ऐकू आला. काकूंनी वाटीभर गरम चीक तेल-तिखट घालून पाठवला. ती वाटी संध्याकाळी तशीच खाली आली, वर साय धरलेली.

तिथून ती गप्प होत गेली. अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात तिला एक शिवणकाम करणारी मुसलमान बाई भेटली होती, तिच्याआधी हाच कोर्स पुरा करून बरी झालेली. बाई तिला आपा म्हणायची. आपाचा फोन रोज दुपारी यायचा आणि दोघी तासभर हसायच्या. आता फोन वाजून वाजून बंद व्हायचा. मी विचारलं तर म्हणाली, तिले काय सांगू, ती बरी झाली, मी नाई झाली. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. वेणी घालणं सुटलं. वैनीला टोमणे मारणं सुटलं, आणि आमचं घर किती शांत असू शकतं ते आम्हाला कळलं. मी स्वतःला सांगायचो, गोळीचा परिणाम. मॅडमनी सांगितलाच होता.

मे महिन्यात गल्लीतल्या शेवटच्या घरच्या कुरड्या चालू असताना त्यांचा सोऱ्या तडकला. काकू आमच्याकडे पितळी सोऱ्या मागायला आल्या. बायको वर गेली. बाई झोपली होती, तिला न उठवता बायकोनं ट्रंकेतून सोऱ्या काढून आणला. जड लागतो, म्हणाली. अंगणात परातीवर धरून तिनं त्याचा दट्ट्या ओढला. आतून गोळ्या पडल्या. पांढऱ्या, पिवळ्या, तपकिरी, काही ओल्या होऊन एकमेकींना चिकटलेल्या. परात वाजायची थांबेना.

काकूंनी एक पिवळी गोळी उचलून पाहिली आणि म्हणाल्या, "कावीळच्या एवढ्या गोळ्या नसतेत, भाऊ." बायकोनं खरं सांगितलं. काकूंनी परातीतल्या गोळ्या पदरात गोळा केल्या, जणू त्या परत उपयोगी पडणार होत्या. आपल्या सासऱ्यांना टीबी झाला होता, डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावर घरातल्या सगळ्यांनी त्यांच्या खाटेपाशी बसून जेवण केलं होतं, असं त्यांनी सांगितलं. मग माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "आमाले काय समजलं तुमी? आमी तिच्यापाशी येऊन बसलो नसतो?"

यावर मी काय केलं तेही लिहितो. मी वर गेलो आणि बहिणीला उठवून तिच्यावर ओरडलो. आम्ही जीव टाकतो आणि तू गोळ्या फेकतेस, असं काहीबाही. ती उठून बसली. रडली नाही, चिडली नाही.

"पाच महिने रोज खाल्ल्या," ती म्हणाली. "जंतू जाऊनच नाई राहिले तं कायले खाऊ, दादा? उलट्या करासाठी?"

उत्तर खाली कपाटात होतं. मी जिना उतरलो, कपाटापर्यंत गेलो, किल्ली फिरवली आणि परत फिरवली.

दुसऱ्या दिवशी तिला रिक्षानं दवाखान्यात नेलं, गोळ्या सुटल्या एवढंच सांगितलं. मॅडमनी तिची फाइल उघडली आणि त्यांचा चेहरा उतरला. मार्चमध्ये तुमचा रिपोर्ट स्वच्छ होता, म्हणाल्या, इतकं चांगलं चाललं असताना गोळ्या का सोडल्या. तुमच्या भावाला मी सगळं समजावलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाईनंही पाहिलं. पंखा फिरत होता, बाहेर कोणीतरी खोकत होतं. वाटलं, आता ती बोलेल आणि एकदाचं सुटेन.

ती मॅडमकडे वळून म्हणाली, "दादानं सांगतलं होतं मले. माह्याच ध्यानात नाई राहिलं."

मी तेव्हाही गप्प बसलो.

तपासणीत जंतू पुन्हा वाढले. कोर्स पहिल्यापासून, औषधंही थोडी बदलून. दवाखान्यातल्या समुपदेशक ताईंनी तिला आत बसवून प्रश्न विचारले. दार लोटलेलं होतं, मी बाहेर बाकावर होतो. झोप लागते का, जेवावंसं वाटतं का, जगणं नकोसं होतं का. बाई हळू आवाजात उत्तरं देत होती, मला ऐकू येत नव्हती. एकच ऐकू आलं. सकाळी उठावंसं वाटतं का, असं विचारल्यावर ती म्हणाली, "उठून काय करू, ते तुमी सांगा."

पुढचे दोन महिने मी पुन्हा तिच्यासमोर उभा राहून गोळ्या देऊ लागलो. ती एकेक गिळायची आणि न सांगता तोंड उघडून, जीभ वर करून दाखवायची. मास्तर म्हणाली नाही. काही दिवशी ती मूठच उघडायची नाही, आणि मी गोळ्यांची वाटी धरून तासभर बसून राहायचो. मोसंबी आणायचो, ती खोलीत सुकायची. जुना टीव्ही वर नेऊन लावला, तो बंदच राहिला. तिला खाली मोकळ्या अंगणात आणायला गेलो तर म्हणाली, सवय झाली मले अथीसाची, या खोलीची. काकू दुपारी तोंडाला पदर बांधून येऊन तिच्या पायाशी शेंगा सोलत बसायच्या, दोन तास एकट्याच बोलायच्या आणि उतरताना जिन्यात डोळे पुसायच्या. चांदूर बाजारच्या पाहुण्यांनी तोवर नकार कळवून टाकला होता. त्यांना नोकरीवाली मुलगी हवी होती. आमच्या घरात कोणाला काय झालं, हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं.

बायकोला मी तेव्हा सगळं सांगितलं. तिनं रॉकेलचा बोळा घेऊन ताटावरचे लाल ठिपके घासून काढले. मी रोज तिच्यापाशी बोलायचो, मी असं करायला नको होतं, मी तसं करायला नको होतं. शेवटी ती म्हणाली, "मले काहून ऐकवता? जिना चढा अन् तिले सांगा." मी जिना चढायचो. वाक्य जुळवून न्यायचो. तिच्या पाठीकडे पाहिलं की जुळवलेलं सगळं विस्कटायचं, आणि मी पाण्याचा तांब्या भरून खाली यायचो.

ऑगस्टमध्ये आपा स्वतः आली. बाई फोन उचलत नाही म्हणून पत्ता शोधत, अकोल्याहून बसनं. बुटकी, पन्नाशीची, पायांत मोजे. याच औषधांनी तिच्या पावलांना मुंग्या येत, त्या कायमच्या राहिल्या आहेत. ती सरळ वर गेली, बाईच्या खाटेवर बसली आणि तिच्या ताटातून जेवली. काय बोलली ते मला ठाऊक नाही. खाली आल्यावर म्हणाली, "भाऊ, मी नेतो हिले. माह्या घरी मशीन चालते, चार बाया येतेत-जातेत. अकेली नहीं रहेगी." नवऱ्याला कळवलं. तो म्हणाला, तुमचं तुम्ही पाहा. बाईनं ट्रंक भरली. सोऱ्या घेतला नाही. दवाखान्याची बदलीची कागदपत्रं मी एका दिवसात करून आणली. माझं काम चोख असतं. एसटी सुटली तेव्हा मला मोकळं वाटलं, हेही इथे लिहायला हवं.

त्यानंतर मी अकोल्याला तीनदा गेलो. तीनदा चहा पिऊन आलो.

यंदाच्या मार्चमध्ये चौथ्यांदा गेलो. निघताना कपाटातली ती फाइल उघडली आणि कागद काढून खिशात ठेवला. हातात पिशवी होती, तिच्यात सोऱ्या. आपाच्या अंगणात ईदच्या शेवया चालल्या होत्या. खाटेला हाताचं यंत्र आवळलेलं, दोन बाया पीठ मळत होत्या आणि बाई दांडा फिरवत होती. अजून काळवंडलेलीच आहे, वजन थोडं आलं आहे, तिच्याही पायांत आता मोजे आहेत. एक रिपोर्ट स्वच्छ आला आहे, दुसऱ्याची वाट आहे, आणि औषध अजून पुष्कळ बाकी आहे. आपानं मला बाजूला घेऊन सांगितलं की कधी कधी ती अजूनही दोन-दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडते. मग तुम्ही काय करता, मी विचारलं. आपा म्हणाली, काय करनार, मी बी तथीच बसतो.

अकराच्या सुमाराला आपानं गोळ्या आणल्या. दांडा दुसरीच्या हाती देऊन बाई पायरीवर बसली, एकेक गिळली. तोंड उघडून दाखवलं नाही, कोणी मागितलंही नाही. मी तिच्याजवळ पायरीवर बसलो आणि सोऱ्या तिच्यापुढे ठेवला. तिनं त्याचा दट्ट्या ओढून आत पाहिलं. रिकामा होता. "वैनीनं घासून देला वाटते," ती म्हणाली.

मी खिशातला कागद काढून तिच्या मांडीवर ठेवला. फाइलीच्या भोकांपाशी तो चिरत आला होता. शेवया करणाऱ्या बाया थांबल्या होत्या, आपा दारात उभी होती. त्या आत गेल्या तर बरं, असं मला वाटून गेलं. कोणी गेलं नाही. तिचं तोंड कागदाकडे होतं. तेव्हा, जुळवून आणलेल्या वाक्यांतलं एकही न आठवता, मी म्हणालो,

"बाई, हा मागच्या मार्चचा कागद हाय. तू बरी होऊन राहिली होती अन् मले माहीत होतं. तू इचारलं तवा मी हो म्हनलं, ते खोटं होतं. दवाखान्यात तू माह्यावरचं सारं सोतावर घेतलं, तवाही मी बसून राहिलो. तुह्यं काहीच चुकलं नव्हतं. मी चुकलो. माफ कर मले."